पंक्तीतली जागा

१९१० च्या जूनमध्ये स्कॉटलंडमधल्या एडिंबरो शहरात दहा दिवस एक सभा भरली होती. सकाळी छापील अहवाल वाटले जायचे, शिफारशी वाचल्या जायच्या, माणसे उठून बोलायची. चर्चेत बोलणाऱ्याला सात मिनिटे मिळत. वेळ संपली की अध्यक्षांची घंटा वाजे. मग भर दुपारी हे सगळे थांबे. हातातले कागद बाकावर ठेवले जात आणि पुढचा अर्धा तास फक्त प्रार्थनेचा असे. समोर उभा असलेला माणूस एखाद्या देशाचे, एखाद्या लोकसमूहाचे नाव घेई आणि थांबे. बाराशे माणसे त्या शांततेत बसून राहत.

ख्रिस्ती मंडळी तिला मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात. स्वतःसाठी काही न मागता दुसऱ्यासाठी देवाजवळ शब्द टाकायचा. पसायदान म्हणत मोठ्या झालेल्या मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटू नये. तिथेही मागणे साऱ्या विश्वासाठीच असते. एडिंबरोच्या आयोजकांनी हा अर्धा तास उरलेल्या वेळात बसवला नव्हता. दिवसाच्या मधोमध, काम ऐन रंगात असताना, तो मुद्दाम ठेवला होता. ज्यांना जग बदलायचे आहे त्यांनी आधी गप्प बसायला शिकावे, अशी त्यांची धारणा होती.

सभेचे नाव होते जागतिक मिशनरी परिषद. १४ ते २३ जून असे तिचे दिवस. जागा टेकडीवरच्या चर्चच्या असेंब्ली हॉलची. याच सभागृहात पुढे १९९९ ते २००४ अशी पाच वर्षे स्कॉटलंडची नवी संसद भरत होती. अध्यक्षस्थानी अमेरिकेचे जॉन मॉट होते, वय पंचेचाळीस, आवाज खणखणीत, शिस्त कडक. पडद्यामागचा सगळा भार होता चिटणीस जोसेफ ओल्डॅम यांच्यावर. ओल्डॅम यांचा जन्म मुंबईचा, १८७४ सालचा. वडील लष्करात अभियंता होते आणि मुलाचे पहिले दिवस मुंबईतच गेले. परिषदेपूर्वी आठ समित्यांनी जगभरच्या मिशनऱ्यांना प्रश्नावल्या धाडल्या होत्या. हजाराच्या वर उत्तरे आली. परिषदेच्या इतिवृत्तासह त्यांचे नऊ खंड झाले. संगणक नसलेल्या त्या काळात हे काम कसे उभे राहिले असेल, याचा विचार केला की आजही थक्क व्हायला होते.

मात्र त्या बाराशेंमध्ये कोण होते, हे पाहिले की मन अस्वस्थ होते. पाचशेच्या आसपास प्रतिनिधी ब्रिटनचे, जवळपास तेवढेच अमेरिका-कॅनडाचे, उरलेले बहुतेक युरोप खंडातले. सुमारे दोनशे स्त्रिया होत्या, आणि त्या काळी ही संख्या लहान नव्हे. रोमन कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रतिनिधी नव्हते. आणि ज्यांच्यासाठी रोज दुपारी प्रार्थना होत होती त्या आशिया-आफ्रिकेतली माणसे? वीसही नव्हती. त्यांत एक जसवंत राव चितंबर. मराठी आडनावाचे हे गृहस्थ उत्तर हिंदुस्थानात वाढले आणि पुढे मेथडिस्ट चर्चचे पहिले भारतीय बिशप झाले. चीनचे चेंग जिंगयी अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते. चिनी ख्रिस्ती माणसाला तुमच्या पंथापंथांतल्या भेदांशी काही देणेघेणे नाही, हे त्यांनी आपल्या सात मिनिटांत सांगितले आणि परिषदेतल्या सर्वांत प्रभावी भाषणांत त्याची गणना झाली.

आणि एक होते वेदनायकम सॅम्युएल अझरिया.

अझरिया तमिळनाडूच्या दक्षिण टोकाकडच्या तिरुनेलवेली भागातले. वेल्लालनविलै हे खेडे, १८७४ चा जन्म. म्हणजे ओल्डॅम यांचे समवयस्कच. वडील गावातल्या चर्चचे पाळक. घराणे नाडार समाजातले. ताडाच्या झाडावर चढून रस काढणे हा या समाजाचा पिढीजात व्यवसाय, आणि अझरियांच्या जन्माआधी थोड्याच वर्षांपर्यंत या समाजातल्या स्त्रियांना अंगभर कपडे घालण्यासाठीसुद्धा झगडावे लागले होते. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात शिकून अझरिया वाय.एम.सी.ए.चे चिटणीस झाले. दक्षिणेत गावोगाव हिंडले. लग्न केले ते हुंडा न घेता.

१९०२ मध्ये श्रीलंकेतल्या जाफन्याला गेले असताना तिथल्या तमिळ ख्रिस्ती लोकांनी स्वतःच्या पैशावर मिशनकार्य चालवलेले त्यांनी पाहिले. आपल्याकडे हे का होऊ नये, ही टोचणी घेऊन ते परतले. दुसऱ्याच वर्षी तिरुनेलवेलीत इंडियन मिशनरी सोसायटी निघाली. १९०५ च्या नाताळला बंगालमध्ये सेरामपूर इथे देशभरातल्या ख्रिस्ती लोकांनी नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापली, तिथेही ते पुढे होते. माणसे आपली, पैसा आपला, कारभार आपला, हे तिचे सूत्र. स्वदेशीची चळवळ पेटली होती ते हेच वर्ष.

एडिंबरोला ते आले ते असे. आदल्याच वर्षी दीक्षा घेऊन ते निजामाच्या राज्यातल्या डोर्नकल या रेल्वेच्या गावी राहायला गेले होते. तिथे भाषा तेलुगू. ती त्यांना नव्याने शिकावी लागली. स्वतःच्याच देशात ते एका अर्थाने परप्रांतीय मिशनरी झाले होते.

२० जूनच्या संध्याकाळी त्यांचे भाषण होते. विषय दिलेला होता: परदेशी आणि देशी कार्यकर्त्यांचे सहकार्य. शीर्षक अगदी साधे, कार्यालयीन थाटाचे. अझरियांनी सुरुवातीलाच सांगून टाकले की या दोघांत असावी तशी मैत्री नाही. गोऱ्या मिशनऱ्यांनी हिंदुस्थानात केलेल्या कामाचा, सोसलेल्या हालांचा त्यांनी आदराने उल्लेख केला. पण वर्षानुवर्षे एकत्र काम करणारी ही माणसे एकमेकांच्या घरी जात नाहीत, एका टेबलावर जेवत नाहीत, हेही त्याच शांतपणे मांडले. पगार देणारा आणि पगार घेणारा एवढेच नाते उरले आहे, हा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. शेवटी पौलाच्या पत्रातल्या प्रीतीवरच्या अध्यायाचा धागा धरून त्यांनी मागणे केले: तुम्ही आम्हाला पुष्कळ दिले, आता मित्र द्या.

सभागृहात शांतता पसरली. दुपारच्या प्रार्थनेत असे ती ही शांतता नव्हती. काहींनी टाळ्या वाजवल्या, काहींना हे बोलणे झोंबले. ज्यांनी चाळीस-चाळीस वर्षे उन्हातान्हात घालवली होती त्यांना हा कृतघ्नपणा वाटला, आणि त्यांची बाजू समजून घेता येते. पण अझरिया ज्या दुखण्यावर बोट ठेवत होते ते खरे होते. आपल्याकडे माणसाची किंमत कळते ती पंक्तीत. कोण कोणाच्या शेजारी बसतो, कोणाला ओटीवरूनच परत पाठवतात, कोणाचा पेला वेगळा ठेवतात, हे महाराष्ट्राला शिकवावे लागत नाही. ज्याच्यासाठी रोज दुपारी अर्धा तास प्रार्थना करायची, त्यालाच रात्री जेवायला बोलवायचे नाही, तर त्या प्रार्थनेत कुठे तरी खोट राहते. परदेशात, बाराशे लोकांपुढे, तुलनेने तरुण वयात हे बोलायला किती धीर लागला असेल!

परिषदा संपतात, ठराव कपाटात जातात. एडिंबरोचे तसे झाले नाही, याचे एक कारण हे की काम पुढे चालवायला तिने एक समिती मागे ठेवली. तिच्यासाठी मॉट १९१२ मध्ये हिंदुस्थानात आले आणि शहरोशहरी बैठका घेत फिरले. त्यातून १९१४ मध्ये इथल्या प्रोटेस्टंट चर्चची राष्ट्रीय परिषद उभी राहिली. अझरियांनी तिचे अध्यक्षपद अनेक वर्षे सांभाळले. आज ती नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया या नावाने ओळखली जाते आणि तिचे मुख्य कार्यालय नागपुरात आहे. सिव्हिल लाइन्सच्या त्या रस्त्याने जाणाऱ्या नागपूरकराला या वास्तूचे मूळ एडिंबरोच्या टेकडीवर आहे हे बहुधा माहीत नसेल.

दुसरे कारण डोर्नकल. २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये अझरियांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. अँग्लिकन चर्चचे ते पहिले भारतीय बिशप. याबरोबर दुसरी गोष्टही सांगायला हवी: १९४५ मध्ये ते वारले तोवर स्वतंत्र धर्मप्रांताचा कारभार हाती असलेले ते एकटेच भारतीय अँग्लिकन बिशप होते. एडिंबरोला त्यांनी जे मागितले होते, ते द्यायला खुद्द त्यांच्या चर्चनेही इतकी वर्षे हात आखडता घेतला.

डोर्नकलचा मुलूख कोरडा, गरीब. ख्रिस्ती होणारे बहुतेक माला आणि मादिगा या दलित जातींतले. माला शेतमजुरी करणारे, मादिगा चामड्याचे काम करणारे. दोघेही गावकुसाबाहेरचे, पण एकमेकांचे पाणी न घेणारे. बिशपसाहेब बैलगाडीने, सायकलने, वेळ पडली तर पायी खेड्यांत जायचे. झाडाखाली माणसे जमायची. प्रार्थना, गाणी, बाप्तिस्मा आणि त्यानंतर रोजच्या जगण्याचे बोलणे. चार भुते काढायची आहेत, असे ते सांगत: घाण, रोगराई, कर्ज आणि दारू. भुताखेतांना भिणाऱ्या माणसांना कळेल अशी ही भाषा होती. अंगातले भूत काढायला मांत्रिक लागतो. ही चार भुते काढायला शाळा लागते, दवाखाना लागतो, पतपेढी लागते आणि संध्याकाळी गुत्त्याऐवजी जाऊन बसायला एखादी जागा लागते. डोर्नकलच्या धर्मप्रांताने हे सगळे उभारायचा प्रयत्न केला. १९३५ च्या सुमारास तिथे अडीचशे भारतीय पाळक आणि दोन हजारांवर गावशिक्षक काम करत होते. शिक्षक पुष्कळदा स्वतःच नुकता साक्षर झालेला, त्याच वस्तीतला. तो दिवसा मुलांना अक्षरे शिकवायचा, रात्री मोठ्यांची प्रार्थना घ्यायचा.

आणि रविवारी प्रभुभोजन. अँग्लिकन रीतीप्रमाणे भाकर एका ताटातली आणि द्राक्षारसाचा प्याला एकच, सर्वांच्या ओठांना लागणारा. माला आधी प्यायला आणि मग मादिगा, किंवा उलटे. कोणाचा पेला वेगळा नाही. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी एकमेकांच्या विहिरीचे पाणी घेतले नव्हते त्यांच्यासाठी तो एक घोट किती कठीण असेल, हे जातीचा जाच ज्याने पाहिला आहे तोच जाणे. जात त्या एका प्याल्याने विरघळली असे म्हणणे खोटे ठरेल. दक्षिणेतल्या चर्चमध्ये ती आजही वळवळते. पण एडिंबरोला गोऱ्यांकडे जे मागितले तेच अझरियांनी आपल्या माणसांकडेही मागितले. त्यांचा मोठेपणा मला यातच दिसतो.

त्यांच्यावर टीकाही झाली. दलितांच्या सामुदायिक धर्मांतराला गांधीजींचा विरोध होता, आणि 'हरिजन'मधून त्यांनी मिशनऱ्यांवर, अझरियांच्या कामावरही, कठोर लिहिले. अझरियांचे म्हणणे असे की गरीब, निरक्षर माणसालाही आपला धर्म आपण ठरवण्याइतकी बुद्धी असते. हा वाद अजून मिटलेला नाही. मात्र याच अझरियांनी १९३२ च्या जातीय निवाड्यात ख्रिस्ती समाजाला मिळालेल्या स्वतंत्र मतदारसंघांना विरोध केला होता. आपला समाज देशापासून वेगळा पडू नये, ही त्यांची तळमळ होती.

एडिंबरोचा प्रश्न महाराष्ट्रातही धुमसत होता. रेव्हरंड नारायण वामन टिळक अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये जवळपास दोन तपे काम करत होते. ख्रिस्त मराठी मातीत रुजायचा तर तो मराठी वळणाने यायला हवा, म्हणून त्यांनी अभंग रचले, कीर्तने केली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' थाटला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तिथे एका पंक्तीत बसावेत ही कल्पना होती. दोनच वर्षांत टिळक गेले आणि दरबार पुढे टिकला नाही. पण त्यांच्या वाटेने जाणारा एक इंग्रज निघाला. जॅक विन्स्लो नावाच्या तरुण मिशनऱ्याला आपण आणि आपले हिंदी सहकारी यांच्यातले अंतर खुपत होते. १९२२ मध्ये नगर जिल्ह्यात त्यांनी ख्रिस्त सेवा संघ काढला. पुढे त्याचा आश्रम पुण्यात आला. इंग्रज आणि हिंदी सभासद खादी घालत, जमिनीवर बसून एकत्र जेवत, ठरल्या वेळी एकत्र प्रार्थना करत. टिळकांचे पहिले इंग्रजी चरित्र विन्स्लो यांनीच लिहिले. आदिवासींमध्ये आयुष्य घालवलेले व्हेरियर एल्विन हिंदुस्थानात आले ते १९२७ मध्ये, याच संघाचे सभासद म्हणून.

आज आंतरराष्ट्रीय प्रार्थनासभा म्हटले की विमानप्रवास, गळ्यातली ओळखपत्रे, मोठे पडदे, कानाला दुभाष्याचे यंत्र असे चित्र डोळ्यांसमोर येते. ते खोटे नाही, पण याच परंपरेतला एक साधा प्रकार महाराष्ट्रातल्या चर्चमध्येही पाहायला मिळतो. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन असतो. त्याची उपासना दरवर्षी एका वेगळ्या देशातल्या ख्रिस्ती स्त्रिया लिहितात: तिथली दुःखे, तिथली गाणी, तिथली मागणी. मग जगभरच्या स्त्रिया तीच उपासना आपापल्या भाषेत करतात. बाराशे लोकांनी वीस लोकांसाठी प्रार्थना करायची आणि त्या वीस जणांनी शब्द द्यायचे, बाकीच्यांनी ते म्हणायचे, यांत केवढा फरक आहे!

हा फरक ठळकपणे दिसला तो १९३८ मध्ये. एडिंबरोच्या परंपरेतली त्या वर्षीची मोठी परिषद आधी चीनमध्ये भरायची होती, पण जपानने चीनवर आक्रमण केले आणि ती मद्रासजवळच्या ताम्बरमला, ख्रिश्चन कॉलेजच्या नव्या आवारात आणावी लागली. १२ ते २९ डिसेंबर, ४७१ माणसे, ६९ देश, आणि त्यांतली निम्म्याच्या आसपास आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतली. चीन आणि जपान यांची युद्धात सापडलेली माणसे तिथे एकाच छताखाली प्रार्थनेला बसली. चीनमधली गावे त्या क्षणी जपानी सैन्याच्या हातून पेटत होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या प्रार्थनेचे वजन कळते.

अध्यक्ष पुन्हा मॉटच. आता वय त्र्याहत्तर. परिषदेच्या आधी थोडे दिवस ते वर्ध्याजवळच्या सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, गांधीजींना भेटायला गेले होते. बोलता बोलता विषय मौनावर आला. सोमवारचे मौन आपल्याला काय देते ते गांधीजींनी सांगितले. दक्षिण आफ्रिकेत पाहिलेल्या, मौन पाळणाऱ्या ख्रिस्ती साधूंच्या मठाची आठवण काढली. एडिंबरोत रोज दुपारी बाराशे माणसांना अर्धा तास शांत बसवणारा माणूस कुडाच्या झोपडीत बसून हे ऐकत होता.

ताम्बरम २९ डिसेंबरला संपले. आठच दिवसांनी, ६ जानेवारी १९३९ ला, डोर्नकलच्या कॅथेड्रलचे समर्पण झाले. ते बांधायला पाव शतक लागले होते, कारण पैसा थेंबाथेंबाने येत होता आणि त्यातला बराच खेड्यांतून येत होता. इमारत पाहणारा गोंधळून जातो. घुमट आणि मिनार मशिदीची आठवण देतात, आतले दगडी खांब दक्षिणेतल्या देवळाचे वाटतात, आणि मध्ये वेदी ख्रिस्ताची. अझरियांना चर्च असेच हवे होते. गावच्या माणसाला आपल्याच मुलखातले वाटेल असे. समर्पणाचा दिवसही त्यांनी निवडून घेतला होता. ६ जानेवारी हा प्रकटीकरणाचा सण. बाळ येशूला शोधत पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक, त्यांनी आणलेल्या भेटी, आणि घरात शिरल्यावर त्यांना मिळालेली जागा, यांची आठवण त्या दिवशी चर्चमध्ये काढतात. डोर्नकलच्या त्या कॅथेड्रलला नाव याच सणाचे आहे.